मामांची एकच मागणी

स्वतःसाठी काहीही न मागता सरकारला सर्वांत जास्त छळणारा माणूस जयपुरात एकच होता, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. वडिलांच्या रेल्वेतल्या बदलीमुळे ते लहानपणी भुसावळहून इथे आले, कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले आणि तेव्हापासून गणिताच्या संशोधनाला आणि शिक्षणाला सरकारने पैसा द्यावा, एवढंच मागत फिरायचे. लग्नात आमदार दिसले की मामांचं ताट अर्धवट राहायचं. एकदा न्हाव्याकडे शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ शिक्षण खात्यातले आहेत असं कळलं, तेव्हा अर्ध्या दाढीनिशी मामा त्यांच्यामागे रस्त्यावर गेले. मालवीय नगरात भिंतीभिंतीवर गणिताच्या क्लासांच्या जाहिराती आहेत. "मतलब बघा जावईबापू," ते म्हणायचे, "विकायला गणित सगळीकडे आहे. करायला कुठे आहे?"

दर महिन्याच्या सरकारी जनसुनवाईत ते असायचेच. रांगेत मागेपुढे गटार, रेशन, पाणी यांच्या तक्रारी. जगतपुऱ्यातल्या मामांच्या गल्लीतही नळ कोरडा होता, टँकर मागवावा लागे. "जाताच आहात तर नळाचंही सांगा," मामी दर वेळी म्हणत. मामांचं उत्तर ठरलेलं होतं : "दोन गोष्टी मागितल्या की सरकार त्यातली लहान देतं आणि मोठीतून सुटतं."

या मागणीमागे सुमन होती. मुरलीपुऱ्यात लेथ चालवणाऱ्याची मुलगी, मामांची विद्यार्थिनी. दोरीच्या गाठींच्या गणितावर ती संशोधन करत होती आणि तिची सरकारी शिष्यवृत्ती बंद झाली होती. गेल्या हिवाळ्यात मामा तिच्यासाठी अधिकाऱ्यांसमोर उभे राहिले, तेव्हा मी सोबत होतो.

"प्रोफेसर साब, इन गाँठों का उपयोग क्या है?" अधिकाऱ्यांनी सौजन्याने विचारलं. "पुल, दवाई, कुछ भी बता दीजिए. मैं आगे भेज दूँगा."

"अभी मालूम नहीं," मामा म्हणाले. "मालूम होता तो कोई सेठ पैसा लगा देता. आपके पास क्यों आता?"

रांगेतलं कोणीतरी हसलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, काहीतरी ठोकून द्यायचं होतं.

"गणितासाठी खोटं बोलू?" एवढंच ते म्हणाले.

होळीनंतर सुमन कलाकंद घेऊन आली. मालवीय नगरातल्या एका क्लासात तिला नोकरी लागली होती. संशोधन सोडलं होतं.

"सर, वहाँ भी गणित ही है."

"हाँ बेटा, है," मामा म्हणाले, आणि त्यांनी कलाकंद खाल्ला.

पुढच्या जनसुनवाईत अधिकाऱ्यांनीच हसून विचारलं, "गणित?"

"नहीं साहब," मामा म्हणाले. "नल में पानी नहीं आता."

काही दिवसांतच नवा पाइप टाकला गेला. गल्लीने मामांना हार घातला, तो त्यांनी मुकाट्याने घालून घेतला. त्यानंतर ते जनसुनवाईला गेलेले नाहीत.

आता रोज सकाळी नळाला पाणी येतं. मामा ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असतात.

"अहो, पाणी आलं," मामी आतून सांगतात.

"ऐकतोय," मामा म्हणतात.