इस्तारी पेटीवाल्यानं झाकून ठेवलेलं

गोंडपिपरीकडच्या एका गावात, तलावाच्या पाळीखाली इस्तारी एकटाच राहतो. सकाळी तलावात जाळं टाकायचं, मिळतील ते मासे विकायचे आणि दुपारी दार लावून पेटी वाजवायची, हा त्याचा नेम. दाराशी कोणी ऐकत उभं आहे असं वाटलं, की पेटी बंद.

एके काळी या मुलखातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत त्याच्या पेटीला तोड नव्हती. त्याच्याच नाटकमंडळीत सिरोंच्याची गोकुळा गायची. ती कुठं श्वास घेणार, हे इस्तारीच्या बोटांना आधी कळायचं. तालीम संपली की दोघं बोलत बसायची. पण मंडळीतलं कोणी येताना दिसलं की इस्तारी उठून जायचा. दोन हंगाम गोकुळानं हे सोसलं. मग एक दिवस म्हणाली, "एकदा सगळ्यायसमोर सांग, आपण लगन करनार म्हणून."

"लोकायले काऊन सांगाचं? आपलं आपल्यापाशी राहू दे."

"मले चोरावानी नाई जगाचं," ती म्हणाली.

त्याच उन्हाळ्यात सिरोंच्यात तिचं दुसरीकडे लग्न झालं. इस्तारीनं नाटक सोडलं आणि हळूहळू माणसंही.

पंचवीस वर्षं अशीच गेली. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस शेजारच्या बायनाबाईनं निरोप आणला. तिचा भाचा सिरोंच्याला नोकरीला होता. गोकुळाच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. आवाज गेला होता, दुखणं मात्र गेलं नव्हतं.

"भेटून घे भाऊ," बायनाबाई म्हणाली.

जाऊ की नको, यात इस्तारीचे पंधरा दिवस गेले. मग त्यानं एसटी धरली.

गोकुळा खाटेवर उशीला टेकून बसली होती. त्याला पाहताच तिनं घशावरून पदर ओढून घेतला. तिची मुलगी भाग्यश्री चहा घेऊन आली आणि तिनं सहज विचारलं, "काका, तुमी आईचे कोण?"

गोकुळाचा नवरा वारून सहा वर्षं झाली होती. आता कोणाचं काही बिघडणार नव्हतं. गोकुळा एकटक त्याच्याकडे पाहत होती.

"नाटकात सोबत होतो," इस्तारी म्हणाला. "मी पेटी वाजवत जावो."

गोकुळानं मान फिरवली. निघताना तो "येतो" म्हणाला, तेव्हा तिनं हात जोडले, परक्या पाहुण्याला जोडावेत तसे.

परतीच्या सगळ्या रस्त्यानं तो खरं उत्तर मनात जुळवत राहिला. पुढच्या खेपेला सांगू, असं ठरवलंही. पण दिवाळीच्या आधीच गोकुळा गेली.

बातमी कळली त्या दिवशी तो न बोलावता बायनाबाईच्या ओट्यावर जाऊन बसला. असं तो कधीच कोणाकडे गेला नव्हता.

"बाई, तुमाले एक सांगाचं हाय. गोकुळा आन मी…"

तांदूळ निवडणारे बायनाबाईचे हात थांबले. "भाऊ, हे तं सगळ्या गावाले माहीत हाय. तिचीच गाणी वाजवत होता तू, आमी काय बहिरे होतो? तुले आवडणार नाई म्हणून कोणी बोललं नाई."

इस्तारी तिच्याकडे पाहतच राहिला.

"गेला होता तवा तिच्यासमोर तं सांगितलं ना?" बायनाबाईनं हळूच विचारलं.

ओट्यावरचं ऊन उतरेपर्यंत तो तिथंच बसून राहिला, आणि बायनाबाईनंही त्याला ऊठ म्हटलं नाही.