डॉक्टरांचं दुसरं वाक्य

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. अर्धं विधान छापणं म्हणजे खोटं छापणं — वर्तमानपत्राच्या डेस्कवर नव्या मुलांना मी हे शिकवतो. घरी मी काय केलं, ते मात्र — सांगतो.

आईच्या लहान आतड्यात गाठ निघाली. अंबरनाथ पूर्वेला आम्ही एकत्र राहायचो: आई, दादा, वहिनी आणि मी. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांसमोर मी एकटाच होतो. कशामुळे झालं, असं मी विचारलं. यकृतातून आतड्यात उतरणारी पित्ताम्लं तिथले जीवाणू बदलतात, आणि त्याचा अशा गाठींशी संबंध आहे का, यावर संशोधन चालू आहे, असं ते म्हणाले. मग म्हणाले, "पण घरातल्या कुणाच्या स्वयंपाकावर खापर फोडू नका."

घरी मी पहिलं वाक्य सांगितलं. दुसरं — नाही.

आईला तेवढं पुरलं. वहिनी उल्हासनगरची. तिच्या इडली-ढोकळ्याच्या आंबवलेल्या पिठावर आईचा आधीपासून राग. "पातेल्यात जंतू पाळतेस गं," आई म्हणाली, "आणि मलाच वाढतेस." तिच्या हातचं खाणं आईनं बंद केलं. दादा मान खाली घालून जेवत राहिला. वहिनी भांडी उकळत्या पाण्यातून काढू लागली.

मी गप्प का राहिलो? तुम्हाला वाटेल, आजारी आईशी वाद नको म्हणून. नाही. आईचं पोट कित्येक महिने दुखत होतं, आणि मेडिकलमधून ॲसिडिटीच्या गोळ्या मी आणत होतो. "डॉक्टरांना दाखवू या का?" वहिनीच विचारायची. "गॅस आहे, वहिनी" — मी. दोष पिठाचा ठरला, की माझ्या गोळ्यांबद्दल कुणी विचारणार नव्हतं.

एकदा तिनं मला स्वयंपाकघराच्या दारात अडवलं. "भावजी, तुम्ही होतात ना तिथे? खरं सांगा. माझ्यामुळे झालं का?"

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो. विधान म्हणून त्यात चूक काढता येत नाही — म्हणूनच ते निवडलं होतं.

आई गेली. शेवटपर्यंत तिनं वहिनीच्या हातचं पाणीही घेतलं नाही. दादा-वहिनी आता चिखलोलीला राहतात. मी गेलो की दार वहिनी उघडते, पाणी दादा आणतो.

"जेवण बाहेरून मागवलंय हं, भावजी," ती सांगते. "निर्धास्त जेवा."

डॉक्टरांचं ते दुसरं वाक्य मी तिला अजून सांगितलेलं नाही. ताट पुढे ओढतो आणि जेवतो.