भिंतीला पाठ लावून

महाडच्या बाजारात कापडे गावचा रामा भेटला. भाताचं बोलता बोलता मध्येच थांबला आणि म्हणाला, "मास्तर, गुणाजीतात्या गेला. परवाच..." हातातली पिशवी मी तशीच धरून उभा राहिलो. तात्यांशी एक बोलणं राहून गेलं होतं.

तात्या मुंबईला गिरणीत होते. नोकरी सुटली तसे आगबोटीनं दासगावला उतरले आणि कापड्यात जाखडी शिकवू लागले. गणपतीत ढोलकीवाल्याभोवती फेर धरायचा, मांड्या बाहेर उघडून अर्धं बसायचं आणि तसंच नाचायचं, ती जाखडी. विशीत मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझ्या मांड्या उघडतच नव्हत्या. मग मी लबाडी केली, नुसती पावलं बाहेर वळवली. तात्यांनी एका नजरेत ओळखलं. "पावलं फिरवून काय करशील रे? गुडघा जाईल. उघडायचं ता हितनं," म्हणत त्यांनी खुब्यावर टिचकी मारली. पडवीत मला कुशीवर निजवलं. पाठ भिंतीला, गुडघे दुमडलेले, टाचेला टाच. वरचा गुडघा सावकाश उघडायचा, सावकाश मिटायचा, खाडीतल्या तिसरीचा शिंपला उघडतो-मिटतो तसा. पाठ भिंतीपासून सुटली की मोजणी पुन्हा एकपासून. दोन महिने हेच. मला असा संताप यायचा... तात्या आपले शांत. "ताकद आली की मांडी आपसूक उघडेल. घाई नाय करायची." त्या गणपतीत मी फेराबाहेर बसलो. पुढच्या वर्षी मात्र फेरात पहिला होतो.

आणि हे सगळं मी विसरलो. पोलादपुरात शाळामास्तर झाल्यावर स्वतःची नाचमंडळी काढली. गणपती तोंडावर आले, गड्यांच्या मांड्या काही उघडेनात. सांगायला लाज वाटते, मी सदूला तळवे जुळवून बसवलं आणि त्याच्या गुडघ्यांवर जात्याची दगडी तळी ठेवली. सदू आमच्यातला सगळ्यात चांगला नाचणारा. त्याचा गुडघा असा सुजला की त्याला घरी उचलून न्यावं लागलं. तात्यांना कळलं, तसे ते कापड्याहून चालत आले. माझ्यासमोर धोतर वर करून त्यांनी आपला वाकडा गुडघा दाखवला. "माझ्या गुरूनं पण तळीच ठेवली व्हती." इतक्या वर्षांत तात्यांना अर्धं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, ते का, हे तेव्हा कळलं. सदूला ते गुडघा बरा करायला आपल्या घरी घेऊन गेले. माफी मागायला मी दोनदा कापड्याच्या वाटेला लागलो आणि दोनदा अर्ध्यातून परतलो.

तेराव्याला गेलो. पडवीच्या मातीच्या भिंतीवर, जमिनीलगत, पाठी घासून घासून एक लांब गुळगुळीत पट्टा पडला आहे. तात्यांच्या पत्नी, काकी म्हणाल्या, "सगला घर सारवला, येवढा पट्टा सदू सारवू देत नाय." सदू तिथंच कुशीवर निजून गुडघा उघडत होता. मी जवळ बसलो. म्हटलं, "सदू, माझं चुकलं रे." त्यानं मोजणी थांबवली नाही. वीस झाल्यावर म्हणाला, "मास्तर, पाठ सुटली काय बघा जरा." मी त्याच्या पाठीमागे बोटं घालून पाहिली. बोटं शिरेनात.