आधी मी बसतो, मग तुमी

झोळी बांधून झाली की मामा दोन पावलं मागे यायचे, पँट वर ओढायचे आणि म्हणायचे, "थांबा. आधी मी बसतो, मग तुमी."

ते नुसते बसत नसत. पाठमोरे होऊन सगळं अंग धपकन टाकत. पट्टा करकरायचा, जांभळीची पानं हलायची. असं तीनदा आदळून झालं की उठून हात झाडत आणि म्हणत, "पास."

तुमच्याही कंपनीत असा एखादा मामा असेल. आमचे मामा चाकणच्या कारखान्यात क्वालिटी विभागात होते, मी तिथेच कॉस्टिंगला. मी कंपनीच्या बसमध्ये पिंपरीला चढायचो, ते त्यांच्या गावाला, कुरुळीला. तिथून कंपनी जवळच, पण तेवढ्या वेळात ते माझ्या शेजारी बसून बोलायचे ते झोळीबद्दलच. पॅराशूटच्या कापडासारख्या कापडाची ती झोळी त्यांनी हौसेनं आणली होती. गुरुवारी सुट्टी असे. आम्ही दोघं गावाबाहेरच्या टेकडीवर जायचो, जांभळीच्या दोन झाडांना ती बांधायचो आणि आळीपाळीनं पडायचो. एवढाच आमचा उद्योग.

मामांचा खरा जीव झोळीपेक्षा विटीत होता. विटी म्हणजे बोटाएवढी दांडी. झाडाला पट्टा बांधायचा, पट्ट्याला एक वेढा द्यायचा, वेढ्यात विटी अडकवायची आणि झोळीचा फास विटीवरून घालून गाठीला टेकवायचा. विटीमुळे गाठ आवळून बसत नाही, आणि निघताना विटी उपसली की गाठ आपोआप मोकळी होते.

"भार गाठीवर पायजे, विटीवर न्हाई," मामा दर वेळी बजावत. "विटीनं फक्त गाठीला धरून ऱ्हायचं."

"मग कसलीही विटी चालेल की."

"कसलीबी? हिशेबनीस, तुमाला आमच्या खात्यात कुणी घेणार न्हाई."

विटी मजबूत हवी आणि हलकीही हवी, हा त्यांचा ध्यास. बाभळीची केली, ती तुटेना, पण जड होती. प्लॅस्टिकची पहिल्याच आदळण्यात मोडली. ॲल्युमिनियमच्या पातळ नळीची चपटी झाली आणि मामा थेट जमिनीवर आले. पडल्या पडल्या म्हणाले, "नापास. माल परत." मग टूलरूममधून भरीव ॲल्युमिनियमचा एक तुकडा मागून घेतला आणि त्याचा रीतसर गेटपास केला. गेटवरच्या वॉचमननं थट्टेनं तो तुकडा ट्रकच्या वजनकाट्यावर ठेवला. काटा हलला नाही.

"वजन शून्य लिवू का मामा?"

"लिव भावा. तीच तर धडपड चाललीय माझी."

नंतर एका सकाळी बसमध्ये त्यांनी पोटाच्या आजाराचं सांगितलं. पिंपरीच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी काहीच लपवलं नव्हतं, आणि मामांनीही माझ्यापासून लपवलं नाही. "जमंल तवर गुरुवारी वर यायचं," म्हणाले, "आन् आपलं सामान आपण उचलून."

पहिली अट त्यांनी पाळली. दुसरी हळूहळू सुटत गेली. आधी पाण्याच्या बाटल्या माझ्या सॅकमध्ये आल्या, मग पट्टे, मग झोळी. शेवटी विट्या तेवढ्या त्यांच्या शर्टाच्या खिशात राहिल्या. त्या मात्र मला देत नसत. आणि त्याही आणखी हलक्या कशा होतील, हे बघत.

मी हिशेबाचा माणूस. बोलून गेलो, "मामा, पाणीच दोन किलो आहे. चार ग्रॅम वाचवून काय होणार?"

"पाणी तुमच्याकडं हाय," ते म्हणाले. "ह्या माझ्याकडं हायत."

माझ्या मुलीची बॅडमिंटनची रॅकेट मोडली, तेव्हा तिचा कार्बनचा दांडा मी त्यांना नेऊन दिला. त्यातून त्यांनी दोन विट्या कापल्या. कापलेल्या टोकांचे तंतू सुटू नयेत म्हणून मामींचं लाल नेलपॉलिश लावलं. कंपनीतल्या बारीक काट्यावर मीच वजन केलं. जोडी मिळून सात ग्रॅम.

त्या गुरुवारी टेकडी चढताना आम्ही बऱ्याच ठिकाणी थांबलो. मी बांधाबांध केली, मामांनी विट्या अडकवल्या. "आधी मी बसतो," म्हणाले आणि झोळीच्या काठाला धरून हळूच बसले. तीनदा उठले, तीनदा बसले. पानं हलली नाहीत.

मी "पास"ची वाट बघत होतो. मामा गाठीकडे बघत होते.

"तुमचं वजन किती, हिशेबनीस?"

"चौऱ्याऐंशी."

"माझं आता बावन्न." पुन्हा गाठीकडे बघून म्हणाले, "मग ही टेस्ट न्हाई झाली."

"झाली हो मामा. बसतो मी."

"न्हाई. तुमी पडलात तर मला उचलता येणार न्हाई." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "दगडं आणा. माझ्या मांडीवर ठिवा."

"वेड लागलंय का? या पोटावर दगड?"

मामा जरा सरकले. शेजारचं कापड हातानं सारखं केलं. "मग तुमी या. संगं बसू. ओव्हरलोड टेस्ट."

मी बसलो. झोळीत दोघांना वेगळं बसताच येत नाही. कापड मधे आणतं. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला येऊन टेकला. तो किती हलका झाला होता, हे मला त्याआधी ठाऊक नव्हतं. पट्टा करकरला, गाठ आवळली गेली. नेलपॉलिशचं लाल टोक जागचं हललं नाही.

"किती झालं?" मामांनी विचारलं.

"एकशे छत्तीस."

"पास," ते म्हणाले. "आता तुमचं एकट्याचं कायम चालंल."

टेकडी उतरण्याआधी त्यांनी विट्या उपसल्या आणि माझ्या खिशात टाकल्या. त्यानंतर मामा टेकडीवर आले नाहीत. पाऊस सुरू व्हायच्या आधीच गेले. दहाव्याला मामींनी झोळी माझ्या हातात दिली, नीट घडी घातलेली.

परवाच्या गुरुवारी मी एकटा वर गेलो. जांभळींना पट्टे बांधले, विट्या अडकवल्या, फास गाठीला टेकवला आणि सवयीनं दोन पावलं मागे येऊन उभा राहिलो. बराच वेळ उभा होतो.

मग बसलो, एका कडेला, शेजारची जागा मोकळी ठेवून. झोळीनं मला मधोमध आणलं.