विमानवाल्याचं पत्र आणि खंडेनवमी

तमाम नातेवाईक, शेजारी आणि हितचिंतकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, विमानं नुकती उडू लागली होती त्या काळातला एक थोर परदेशी वैमानिक कसबा बावड्यात, माझ्या सासऱ्यांच्या सोप्यात, खुरपी आणि फवारणीचा पंप यांच्या मधोमध कोसळला. हा त्याचा दुसरा अपघात. पहिला त्याच्या स्वतःच्या देशात, एका शेतकऱ्याच्या वावरात झाला होता. या खेपेला तो जातीनं हजर नव्हता, फक्त त्याची सही होती. जखमी एकच : माझे साडू.

मी हे डोळ्यांनी पाहिलं. पूजेच्या पाटासमोर, पहिल्या रांगेत, मांडी घालून. नाटकाला अशी जागा मला कधी मिळाली नाही.

आधी साडूंविषयी. आम्ही दोघं एका घरचे जावई, मी थोरला, ते धाकटे. ते सरकारी कचेरीत नोकरीला आहेत आणि घरी जुने कागद जमवतात. थोरामोठ्यांच्या सह्या, पहिल्यावहिल्या टपालाची पाकिटं, असलं काहीबाही. आमचे सासरे, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, ते ऊसवाले. त्यांच्या लेखी जगात दोनच कागद खरे : सातबारा आणि कारखान्याची वजनपावती. बाकी सगळी रद्दी.

मामा मला 'जावईबापू' म्हणतात. का म्हणतात, मला ठाऊक नाही. माझी एकुलती एक कर्तबगारी म्हणजे एकदा त्यांच्या ट्रॅक्टरची क्लचप्लेट शहरातून आणून दिली होती. साडूंना मात्र लग्नापासून त्यांनी एकदाही थेट हाक मारलेली नव्हती. माणूस हातभर अंतरावर बसलेला असला तरी निरोप माझ्यामार्फत जायचा.

"जावईबापू, तुमच्या साडूला चा पायजे काय, विचारा."

मी मान वळवून विचारायचो. साडू मला सांगायचे, मी मामांना. चहा येईपर्यंत निवलेला असायचा.

एकदा रंकाळ्याच्या कठड्यावर भाजलेलं कणीस खाता खाता साडू मला म्हणाले, "मला बाकी काही नको हो. एकदा मला जावईबापू म्हणू देत. एकदाच." डोळ्यांत पाणी होतं, कणसाला तिखट जास्त होतं असंही असेल. मी ते त्याच संध्याकाळी बायकोला सांगितलं, तिनं तिच्या आईला, आणि पुढच्या सणापर्यंत ते घरात सगळ्यांना पाठ झालं. साडू जेवायला बसले की कुणीतरी हळूच म्हणायचं, "भात वाढा की, एकदाच." आम्ही ताटात बघून हसायचो. ठाऊक नव्हतं ते फक्त मामांना, कारण त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

तर हे पत्र. साडूंनी आपला टपालतिकिटांचा सगळा साठा, शाळेत असल्यापासून जमवलेला, एका परदेशी संग्राहकाला देऊन टाकला आणि बदल्यात हा एक कागद घेतला. जुनी, तपकिरी पडलेली शाई. खाली मोठी सही, शेवटचं अक्षर उजवीकडे वर चढत गेलेलं, धावपट्टी सोडल्यासारखं. मला दाखवताना त्यांनी पांढरे सुती हातमोजे घातले होते आणि मला तोंडावर रुमाल धरायला लावला होता.

"श्वासातला ओलावासुद्धा वाईट," ते म्हणाले. "ही शाई पाण्याला टिकत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. त्यांनी ठेवलं नाही.

आमच्या सासुरवाडीची रीत अशी की खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपल्या पोटापाण्याची, अभिमानाची वस्तू पूजेला मांडायची आणि मामांनी तिला हळदकुंकू लावायचं. अंगणात धुतलेला ट्रॅक्टर, आत कोयते, खुरपी, पंप, माझ्या गाडीची किल्ली, मुलीचा लॅपटॉप. साडू दरवर्षी आपलं पेन ठेवायचे. त्याची पाळी आली की मामांचा अंगठा नेमका वाळलेला असायचा. या वर्षी साडूंनी पेन घरी ठेवलं आणि पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र आणलं. ते कशासाठी आलंय हे मामा सोडून सगळ्यांना कळलं. आतली पोळ्या लाटणारी मंडळीसुद्धा हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"जावईबापू," मामा मला म्हणाले, "ह्या पिशवीत काय आणलंय तुमच्या साडूनं?"

मी विचारलं. साडूंनी घसा साफ करून मला सांगितलं, "पहिली विमानं उडवणाऱ्यांपैकी एकाचं पत्र आहे. त्याच्या सहीचं."

"कुणाला लिवलंय?"

"एका शेतकऱ्याला. विमान त्याच्या बिटाच्या शेतात पडलं, पीक मोडलं. म्हणून माफी मागितली आहे."

मामांनी हातातला नारळ खाली ठेवला. "साखरंचं बीट?"

"हो."

"म्हंजे कारखान्याला घालणारा, आपल्यावानी." मामा पिशवीतल्या कागदावर वाकले. "आमच्या उभ्या उसातनं लाइटीच्या तारा वढून नेल्या, कुणी ढुंकून बघितलं न्हाय. आन ह्यो विमानवाला सही करून माफी मागतोय. मोठा माणूस हाय की ह्यो. ह्याची पूजा झाली पायजे. काढा म्हणावं पिशवीतनं."

साडूंनी माझ्याकडं पाहिलं. "पिशवीच्या वरूनच केली तर?"

मी निरोप दिला.

"वरनं? ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकून कुंकू लावतो काय आपण?"

साडूंनी खिशातून हातमोजे काढून चढवले.

"विचारा त्यांना, दवाखान्यातनं आल्यात काय."

दारातली मंडळी हसली. मी तर निरोप न देताच हसलो. साडूंनी हातमोजे काढून परत खिशात घातले. मग उघड्या बोटांनी पत्र बाहेर काढलं आणि पाटावर ठेवलं. 

"मामा, नुसतं फूल वाहिलं तरी चालेल," ते म्हणाले. थेट मामांना, धीर करून.

"कोरडी पूजा आमच्यात न्हाय," मामा मला म्हणाले.

माझी बायको मागून कुजबुजली, "अहो, सांगा की बाबांना, शाई जाईल."

"पूजेत मध्ये बोलू नये," मी म्हणालो. अंक रंगात आला होता.

मामांनी वाटीतल्या पाण्यात अंगठा बुडवला, हळदीत फिरवला, मग कुंकवात. अंगठा निथळत होता. आणि मग जे घडलं ते इतक्या वर्षांत घडलं नव्हतं. मामांनी मान माझ्याकडं न वळवता, सरळ साडूंच्या डोळ्यांत बघून विचारलं, "नाव कुठं हाय ह्याचं?"

तिथं डावीकडं चांगला चार बोटं कोरा समास होता. वर कोपरा रिकामा होता. कुठंही बोट ठेवलं असतं तरी मामांनी मुकाट्यानं कुंकू लावलं असतं, त्यांना इंग्रजी कुठं येतंय. पण साडूंना पहिल्यांदाच थेट प्रश्न आला होता. साडूंचं बोट आपोआप गेलं आणि बरोब्बर सहीवर थांबलं.

मामांनी अंगठा टेकवला. मन लावून, दाबून, वर ओढत. ट्रॅक्टरच्या बॉनेटला लावतात तसा. शंभराच्या वर वर्षं झोपलेली शाई जागी झाली, कुंकवात मिसळली आणि पसरली. वर चढणारं ते शेवटचं अक्षर आधी फुगलं, मग नाक खाली करून खालच्या समासात उतरलं. मामांनी वर अक्षता टाकल्या. त्या चिकटल्या.

"शाई सुटली की हो," सासूबाई म्हणाल्या आणि पुढचं ताट सरकवलं.

साडूंचं तोंड थोडं उघडं होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो, कागदाकडं बघायची गरजच नव्हती.

मामा मागे सरले. धुतलेल्या ट्रॅक्टरकडं बघतात तशी मान तिरकी करून त्यांनी पत्राकडं पाहिलं. खूश झाले. मग तोच ओला लाल हात त्यांनी साडूंच्या पांढऱ्या शर्टावर, खांद्याला ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू."

"काय मामा?" मी सवयीनं म्हणालो. पण ते माझ्याकडं बघत नव्हते.

"आता कसं झालं बघा. मघाशी नुसता कागद हुता."