सुईवाल्या मावशी आणि माझा डावा पाय

सुईवाल्या मावशी माणसं चेहऱ्यावरून ओळखत नसत, नसेवरून ओळखत. शहाद्याच्या स्टँडजवळच्या लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं रक्त काढलं. बाजारात मी समोरून हसले तरी त्या सरळ पुढे जायच्या, कोपराची खळगी दिसली की मात्र थांबून विचारायच्या, "लोणखेडानी मास्तरीण ना तू?"

माझी त्यांची ओळख पीसीओएसची, म्हणजे बिघडलेल्या संप्रेरकांची. अंगावर चरबी, चरबीखाली बुडालेली नस आणि वर माझी अखंड बडबड. नस सापडेना की मी त्यांची माफी मागायचे आणि मग विज्ञान समजावून सांगायला लागायचे. "शाळामा तू शिकाड, आठे मी शिकाडस," असं म्हणून त्या सुई खुपसत. मी निमूट गप्प बसे. वर्गातल्या पोरांना हे दृश्य दाखवलं असतं तर त्यांना फार आनंद झाला असता.

त्या वर्षी सासूबाईंनी श्रावणात घरी येणाऱ्या कानबाई देवीच्या रोटाचं, म्हणजे नैवेद्याचं दळण पहिल्यांदा माझ्यावर सोपवलं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही, त्यामुळे भाऊबंदकीत माझी जागा जरा कडेचीच. हा मान मला काही करून हवा होता. पण पाळी आली तर? खरं तर माझी पाळी चार-चार महिने तोंड दाखवत नसे. तरीही ती नेमकी कानबाईच्या रविवारीच उगवणार याची मला खात्री होती. तारीखच माहीत नाही म्हटल्यावर मी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या श्रावणाआधीच सुरू केल्या, तीन आठवडे. मेडिकलवाल्याने काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. जी येतच नव्हती तिला थोपवून धरणारी खानदेशात मी एकटीच असेन.

कानबाईला चार दिवस उरले असताना साखर तपासायला लॅबमध्ये गेले. डाव्या चपलेचा पट्टा लागत नव्हता म्हणून ती फरपटत नेली. मावशींनी हात सोडला आणि पायाकडे पाहिलं.

"हाऊ पाय कसा सुजना?"

"शाळेत उभं राहून थकवा आला असेल," मी म्हटलं. घाबरले की मी पुस्तकी मराठीत बोलते.

"उभी दोन्ही पायवर ऱ्हायनी ना? मंग थकवा एकलेच कसा उना?" त्यांनी पोटरी दाबली, मी ओरडले. "गोयी कोनती खाई ऱ्हायनी?"

गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "कानबाई तुले पाळीनी तारीख इचारस का?" आणि मला रिक्षात घालून स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

पायाच्या नसेत गुठळी होती. डॉक्टर म्हणाले, पीसीओएसमध्ये रक्ताला गोठायची घाई जरा जास्त असते, झालेली गुठळी विरघळवायचं कामही मंदावतं. त्यात वजन, त्यात या गोळ्या. ही गुठळी फुप्फुसात गेली असती तर अवघड होतं. मी नववीला रक्त गोठण्याची क्रिया शिकवते. फळ्यावर रंगीत खडूंनी इतकी सुंदर काढते की इतर वर्गांतली पोरं बघायला येतात. कानबाईच्या रविवारी दळण जाऊबाईंनी केलं आणि मी दवाखान्यात पोटावर इंजेक्शन घेत पडले होते.

पुढच्या वर्षी गोळी घेतली नाही. आणि पाळी, जिला कॅलेंडर कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं, ती बरोबर शनिवारी आली. रविवारी घरात बायका कानबाईची गाणी म्हणत होत्या आणि मी बाहेर ओट्यावर एकटी, डोळे पुसत. दर्शनाला मावशी आल्या. लॅब सोडून त्या लेकाकडे सुरतेला कायमच्या निघाल्या होत्या. दर्शन घेऊन त्या बाहेर आल्या त्या थेट माझ्याजवळ बसल्या आणि माझा पाय मांडीवर ओढला.

"मावशी, तिले हात नको लावू, ती बाहेर बसेल शे," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"मन्हा हात जलमभर रगतमाच शेतस," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी दोन्ही पोटऱ्या आलटून पालटून दाबल्या, सावकाश, सगळ्या भाऊबंदकीसमोर. आतली गाणी थांबली होती.

"दोन्ही पाय सारखा शेतस," त्या उठत म्हणाल्या. "आते मी जास."