चांदसाबची ओरिजिनल गाडी

सोलापुरात विजापूर वेशीच्या आसपास ज्यांची लग्नं झाली, त्यांतल्या निम्म्या लोकांची वरात चांदसाबच्या डॉज गाडीतून निघाली आहे. हिंदू म्हणू नका, मुसलमान म्हणू नका, तेलुगू बोलणारी विणकर मंडळी म्हणू नका, सगळ्यांना तीच गाडी लागायची. नवरदेव कितीही किडकिडीत असला, तरी त्या लांबलचक मलई रंगाच्या गाडीत मागं बसला की घटकाभर संस्थानिक वाटायचा. चांदसाब पुढं काळा चष्मा लावून बसायचा आणि बँडवाल्यांच्या पावलाशी जुळवून गाडी हाकायचा. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. क्लच जळतो, इंजिन तापतं, नाचणारी पोरं बॉनेटवर येऊन आदळतात. पण चांदसाबच्या गाडीनं भर वरातीत कधी दम तोडला नाही, हा त्याचा लौकिक.

लौकिकातला अर्धा वाटा शिवपुत्रचा होता. अक्कलकोट रोडला त्याचं गॅरेज. दोघं एका शाळेतून एकाच वर्षी पळाले, तेव्हापासूनची मैत्री. चांदसाबच्या अब्बांच्या काळात गाडीचं मूळ पेट्रोल इंजिन इतकं प्यायचं की वरातीचं भाडं पंपावरच संपायचं. अब्बांनी कंटाळून ते वैरागच्या एका पीठगिरणीवाल्याला विकलं आणि मेटाडोरचं डिझेल इंजिन आणलं. ते बसवलं शिवपुत्रनं, मिसरूड फुटायच्या वयात. नंतर गिअरबॉक्स ॲम्बॅसिडरचा आला, दाराच्या मुठी फियाटच्या, मागचे दिवे एका ट्रॅक्टरचे. गाडी कसली, गोधडीच ती. पण गोधडीइतकीच उबदार, आणि चावी फिरवली की पहिल्या दमात बोलणारी.

अशा माणसानं सुखात राहायला काय हरकत होती? पण बसल्या बैलाला टोचणारं कुणीतरी भेटतंच. चांदसाबला टीव्ही भेटला.

गुडघा धरल्यापासून तो दुपारी घरीच असायचा. एका चॅनेलवर परदेशातला कार्यक्रम हिंदी करून दाखवायचे. दाढीवाला एक गोरा आणि त्याचे दोन साथीदार कुठल्यातरी शेतातून गंजकं धूड ओढून आणायचे, जाहिराती दोनदा झाल्या की ते धूड आरशासारखं चकाकायचं, आणि शेवटी टोपीवाला एक माणूस येऊन लिलावात अशी किंमत बोलायचा की ऐकणाऱ्याचा घास घशात अडकावा. एके दिवशी तिथं हुबेहूब चांदसाबची डॉज आली. तोच बाकदार टप, तोच दातांसारखा पुढचा जाळीदार पत्रा. चांदसाब जेवणाच्या ताटावरून उठला. किंमत डॉलरमध्ये होती. त्यानं ती माजिदाच्या मोबाईलवर रुपयांत केली, मग आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा केली.

"अजी, एक बात पूछूं?" माजिदा म्हणाली. ती भाकऱ्या थापताथापता टीव्ही बघायची, म्हणून तिला जास्त दिसायचं. "उसने दरवाजा खोला तो दाढी छोटी थी. बंद किया तो इत्ती बडी. एक दिनमें कित्ती बढती दाढी?"

चांदसाबला दाढीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या कानात एकच शब्द घुमत होता. कार्यक्रमातला दाढीवाला प्रत्येक गाडीचं बॉनेट उघडून पहिल्यांदा तोच विचारायचा: इंजिन ओरिजिनल आहे का? ओरिजिनल असलं की किंमत तिप्पट, नसलं की तो तोंड वाकडं करायचा. आणि चांदसाबच्या बॉनेटखाली बसलं होतं मेटाडोर.

दुसऱ्या दिवशी गाडी शिवपुत्रच्या दारात उभी राहिली.

"इंजिन काढ," चांदसाब म्हणाला.

"का? काय झालं त्याला?"

"झालं कायबी न्हाय. ओरिजिनल बसवायचं हाय."

शिवपुत्रनं हात पुसले आणि त्याच्याकडं नीट बघितलं. "आरं चांद्या, चालती गाडी कुनी उसवतंय का? सुकन्याचं लगीन तोंडावर हाय. तिची वरात काडायची हाय न्हवं तुला?"

सुकन्या ही शिवपुत्रची एकुलती एक लेक. ती चालायला लागली तेव्हापासून गॅरेजमध्ये डॉजच्या मागच्या सीटवर झोपायची, आणि तेव्हाच चांदसाबनं शब्द दिला होता: पोरी, तुझी वरात याच गाडीतून, आणि भाडं घेतलं तर माझं नाव चांदसाब नाही. आता ती बार्शीला कॉलेज संपवून तिथंच नोकरीला लागली होती आणि लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं.

"दिवाळीला तर लई येळ हाय," चांदसाब म्हणाला. "टीव्हीत आठवड्यात करत्यात की. सुकन्या ओरिजिनल गाडीत बसंल. राणीवानी."

शिवपुत्रनं आणखी एकदा नको म्हटलं, मग पाना हातात घेतला. मैत्रीतली हीच मोठी खोड आहे. समोर परका माणूस असता तर शिवपुत्रनं त्याला हाकलून दिलं असतं. त्यानं मेटाडोरचं इंजिन उतरवलं. त्याच आठवड्यात होटगीकडच्या एका गुऱ्हाळवाल्यानं ते उसाच्या चरकाला म्हणून उचललं, आणि चांदसाबनं तेही आनंदानं जाऊ दिलं. अडगळ गेली म्हणाला. पुढं त्याला त्या एका वाक्याचा जितका पस्तावा झाला, तितका आयुष्यात कशाचाच झाला नाही. पण ते पुढचं.

टीव्हीत दाखवतात तसं त्यानं सगळं सोडवून घेतलं. दारं काढली, सीटा काढल्या, काचा काढल्या, रंग खरवडला. रंगाच्या खाली पत्रा नव्हताच, जागोजागी नुसती खड्डे बुजवायची लांबी होती. अब्बांनी चोपडलेली, त्यांच्या आधीच्या मालकानं चोपडलेली. खरवडता खरवडता फरशीतून खालची जमीन दिसायला लागली. कार्यक्रमात अशा वेळी दाढीवाला हसून म्हणायचा, काही हरकत नाही, आणि पुढच्या दृश्यात नवा पत्रा बसलेला असायचा. चांदसाबही हसून म्हणाला, काही हरकत नाही. पण त्याच्या पुढच्या दृश्यात पत्रा बसला नाही, कारण तो कुठं मिळतो हे सोलापुरात, पुण्यात, मुंबईच्या जुन्या बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं. जो डेंटर घडवून देतो म्हणाला, तो पहिली उचल घेऊन गावाला गेला.

मग चांदसाब वैरागला गेला, इंजिन शोधायला. गिरणीवाला केव्हाच वारला होता. त्याची म्हातारी, फुलाबाई, अंगणात शेंगा फोडत बसली होती. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"इंजिन व्हय? हाय की. त्ये बघा."

गोठ्यात लोखंडाचा एक ठोकळा जमिनीत निम्मा रुतला होता आणि त्याला म्हैस बांधली होती. चांदसाबनं शेण बाजूला सारून त्यावरचा नंबर वाचला. अब्बांच्या कागदावरचाच. हे असं माणसाला सापडणं म्हणजे दैवच, असं त्याला वाटलं, आणि टेम्पोभाडं भरून त्यानं ते दैव सोलापूरला आणलं. म्हशीसाठी फुलाबाईला नवा खुंटाही ठोकून दिला.

शिवपुत्रनं ठोकळ्याभोवती एक फेरी मारली. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेत आरपार तडा होता. आतलं बाकी सगळं, दट्ट्यापासून झडपांपर्यंत, कधीचंच भंगारात गेलं होतं.

"ओरिजिनल हाय," शिवपुत्र म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता.

दसऱ्याच्या सुमारास पुण्याहून एक माणूस आला. जुन्या गाड्या गोळा करून शूटिंगला आणि मोठ्या लग्नांना देण्याचा त्याचा धंदा. सोलापुरात वरातीची एक जुनी डॉज आहे असं त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं. चांदसाबनं त्याला गॅरेजमध्ये नेलं, खुर्ची दिली, चहा दिला, इंजिन गोठ्यात कसं सापडलं ते सांगितलं आणि मग टीव्हीतली किंमत सांगितली. माणूस भला होता, हसला नाही.

"चाचा, मी ते कार्यक्रम बघतो," तो म्हणाला. "छान असतात. पण पडद्यावर तिघं दिसतात, मागं पंधरा जणं राबत असतात. त्यांची मजुरी नफ्यात कोण धरतंय? सुटे भाग तिथं दुकानात मिळतात, तुमच्याकडं गोठ्यात. आठवडा म्हणतात त्याला वर्ष लागतं. आणि शेवटी जी बोली लागते, तितक्याला गाडी खरंच जाते का, ते त्यांनाच माहीत. ती किंमत त्या देशातली, त्या दिवसाची. आपल्याकडं अशा गाडीला मोजून चार गिऱ्हाइकं."

"मग ह्या गाडीचं काय येतंय?"

त्यानं टपावरून हात फिरवला, सांगाड्यात डोकावला आणि हाताला लागलेला गंज रुमालानं पुसला. चांदसाबला कळायचं ते कळलं.

"खरं सांगू का?" तो जाताना म्हणाला. "मी आलो होतो चालू गाडीसाठी. आतलं इंजिन कुठलंही असो. पडद्यावर बॉनेट कोण उघडतंय? चालू असती तर आज टोकन देऊन गेलो असतो. आणि विकायची नसती, तर वर्षाच्या भाड्यानं घेतली असती."

त्या संध्याकाळी चांदसाब होटगीला गेला. गुऱ्हाळ रंगात आलं होतं. चरक फिरत होता आणि त्याच्या मागं मेटाडोरचं इंजिन ठणठणीत वाजत होतं. तो आवाज त्याला झोपेतही ओळखता आला असता. अर्धं आयुष्य त्या आवाजाच्या मागं बसून गेलं होतं. गुऱ्हाळवाला इंजिन परत द्यायला अजिबात तयार नव्हता, आणि का द्यावं त्यानं? हंगाम सुरू झाला होता. त्यानं चांदसाबला काकवी प्यायला दिली. चांदसाबनं ती प्यायली आणि बांधावर बसून तो रडला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतात त्यांचं काय होतं, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं. पाठ असण्यानं काही होत नाही.

तो घरी आला तेव्हा माजिदानं टीव्हीवर एक टॉवेल टाकून ठेवला होता.

सुकन्याच्या लग्नाला तो आठ दिवस आधीपासून राबला. मांडव घातला, पाहुणे स्टेशनवरून आणले, आचाऱ्याशी भांडला. वरातीसाठी शिवपुत्रनं एक नवी कोरी पांढरी गाडी भाड्यानं सांगितली. गॅरेजच्या मागं ताडपत्रीखाली काय आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. वरात निघाली. पांढऱ्या गाडीचा ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत बँडच्या अंगावर जात होता. चांदसाब शेजारून लंगडत चालला होता आणि त्याचा पाय दरवेळी आपोआप नसलेल्या क्लचवर पडत होता.

सासरी निघायच्या वेळी सुकन्यानं गाडीची काच खाली केली. रडून तिचं काजळ पसरलं होतं.

"काका, अप्पा सांगत हुते, गाडी रंगाला गेलीया म्हनून."

चांदसाबनं शिवपुत्रकडं पाहिलं. शिवपुत्र दुसरीकडं बघत होता. गेले सहा महिने त्या माणसानं आपल्या पोटच्या पोरीशी खोटं बोलून मित्राची लाज झाकली होती.

"व्हय," चांदसाब म्हणाला. "रंगालाच गेलीया."

"मग पंचमीला मला माहेरी न्यायला तुमीच या, त्याच गाडीनं. दुसरी गाडी आली तर मी बसनार न्हाय. येताय न्हवं?"

"येतो की, पोरी. चकाचक करून आनतो," तो म्हणाला, आणि इतक्या सफाईनं खोटं आपल्याला बोलता येतं, हे त्याला साठी उलटल्यावर पहिल्यांदा कळलं.